पत्रा कापताय? मग तोंड उघडंच ठेवा

पावसाळ्याच्या तोंडावर शेडचं काम काढणाऱ्या तमाम सेक्रेटरी, कंत्राटदार, घरमालक आणि हौशी मिस्त्री मंडळींना सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत बी विंगच्या गच्चीवरची जुनी शेड उतरवली. 'उतरवली' हा आपला माझा सभ्य शब्द. हातोड्याने फोडली. नवे पत्रे लगेच खालून वर चढले आणि मापात बसेनात म्हणून ग्राइंडर लागला. इकडे ए विंगच्या गच्चीवर माझ्या कुरडया. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चीक काढायचा, पहाटे उठून घोटायचा आणि उन्हं चढायच्या आत सोऱ्यातून पाडायच्या. साडेदहाला दाढेत शिरणारा तो आवाज सुरू झाला आणि अकराला माझ्या कुरडयांवर कोणीतरी तांदळाची पिठी भुरभुरल्यासारखं झालं. दोरीवरच्या चादरींवर तेच, टाकीच्या झाकणावर तेच. मी कठड्यावरून ओरडले. सेक्रेटरी हसत म्हणाले, "अहो वहिनी, सिमेंट आहे हो ते! झटकून टाका."

झटकून टाका! केवढं मोठं तत्त्वज्ञान आहे हे. त्याच्याच आधारे ज्यांना आपलं, कामगाराचं आणि शेजारणीचं फुप्फुस कायमचं कामाला लावायचंय त्यांच्यासाठी माझे चार बोल.

आधी नाव विसरा. ॲसबेस्टॉस वगैरे उच्चारू नका, लोक उगाच घाबरतात. 'सिमेंटचा पत्रा' म्हणा. दुकानदार तेच म्हणतो, मिस्त्री तेच म्हणतो. त्या पत्र्यात आठ-दहा टक्केच तर ॲसबेस्टॉस असतो, बाकी बहुतेक सिमेंट. जेवणात आठ टक्के उंदराचं औषध असलं म्हणून काय आपण त्याला जेवण म्हणायचं सोडतो?

कापायचा तर ग्राइंडरनेच. हातकरवतीने, पाणी मारत मारत, सावकाश कापणं हे म्हाताऱ्यांचं काम. मुळात दुकानात लांबी सांगून मापाचा पत्रा आणला तर कापावाच लागत नाही, पण मग मेजरटेप घेऊन वर चढावं लागतं. त्यापेक्षा ग्राइंडर बरा. पत्रा डोक्यावर गपगुमान बसलेला असतो तोवर तो फारसं काही करत नाही, हीच तर त्याची अडचण. त्याला फोडा, घासा, भोकं पाडा, म्हणजे आतले तंतू मोकळे होतात. ॲसबेस्टॉस हा दगडच, पण असा दगड की उभा चिरत जावा तितका बारीक होत जातो. केसापेक्षा कितीतरी बारीक. नाकातल्या केसांना तो सापडत नाही, डोळ्यांना दिसत नाही. तुम्हाला जी पिठी दिसते ती नुसती वरात. नवरदेव कधीच आत गेलेला असतो.

जुना पत्रा काढताना पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हूकचे नट सोडवत बसू नका. हाणा.

मास्क नको. रुमाल आहे की.

झाडू कोरडाच मारा. पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने टिपून घेतलंत तर धूळ जागीच बसेल, मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींपर्यंत ती पोचणार कशी?

तुकड्यांचं काय करायचं, हाही मोठा प्रश्न नाही. नियमाने ॲसबेस्टॉसची धूळ आणि तंतू घातक कचऱ्यात मोडतात, पण नियम कारखान्यासाठी, आपण पडलो गृहस्थ. आमच्या कंत्राटदाराने शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर राडारोडा ओतला. संध्याकाळी मी खाली गेले तर पोरांची लगोरी चाललेली. सात चपट्या, छान एकावर एक बसणाऱ्या ठिकऱ्या, सगळ्या पत्र्याच्या. चेंडू बसला की टप्पकन फुटायच्या, मग नवी ठिकरी शोधायला सगळी त्या ढिगावर. आपणही हेच केलंय म्हणा. होळीत सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा टाकून तो फाटकन उडायची वाट बघितली नाही असं माझ्या पिढीत कोण आहे? शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायची ती तारेची जाळी आठवतेय? मधला पांढरा गोल आपण नखाने खरवडायचो. तो काय होता असं वाटतं तुम्हाला?

कामावरून घरी गेलात की कपडे दारात झटकून बायकोकडे धुवायला द्या. सुखदुःखात अर्धा वाटा तिचा. नवऱ्याचे कामाचे कपडे धुऊन धुऊन आजारी पडलेल्या बायका इंग्लंड-अमेरिकेत कोर्टाच्या कागदांत सापडतात. कारखान्याची पायरीही न चढलेल्या. जपानमध्ये अमागासाकीला तर त्याहून सोपं झालं. २००५ मध्ये उघडकीला आलं की आजार कामगारांनाच नाही, कारखान्याच्या आसपास नुसतं राहणाऱ्यांनाही झालाय. म्हणजे शेजारीण असणं पुरतं. (हे वाक्य लिहिताना मी कुरडयांच्या डब्याकडे बघितलं. डबा रिकामा आहे. साडेतीन किलो गव्हाच्या कुरडया प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून टाकल्या. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.)

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. धीर धरा.

ॲसबेस्टॉसची खरी थोरवी त्याच्या सवडीत आहे. ॲसिड अंगावर सांडलं तर माणूस तिथल्या तिथे ओरडतो, चौकशी होते, पेपरात येतं. गॅस गळला तर आमच्या एमआयडीसीतसुद्धा दोन दिवस गलका होतो, आणि आम्ही तर कारखान्यांच्या रसायनांनी रंगलेला हिरवा पाऊस आणि गुलाबी रस्ता पचवलेली माणसं. ॲसबेस्टॉस असा उथळपणा करत नाही. तंतू फुप्फुसात जाऊन बसतो. शरीराच्या पेशी त्याला गिळायला धावतात, तो लांबीला मोठा, त्यांच्या तोंडात मावत नाही. त्या मरतात, दुसऱ्या येतात, त्याही मरतात. ही मारामारी वर्षानुवर्षं चालते आणि तिचे व्रण साठत जातात. भांडी घासायचा स्पंज उन्हात राहिला की कसा खडखडीत होतो, तसं फुप्फुस होतं. हा ॲसबेस्टॉसिस. शिवाय फुप्फुसाचा कॅन्सर, त्यात विडी-सिगारेट असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, ज्याच्यापुढे डॉक्टरही फार काही बोलत नाहीत. हे सगळं कधी? वीस वर्षांनी. तीस वर्षांनी. चाळीससुद्धा. तोवर कंत्राटदार बदलला, सेक्रेटरी मुलाकडे पुण्याला राहायला गेले, इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, ग्राइंडर भंगारात. कामगार जालन्याजवळच्या आपल्या गावात ओट्यावर बसून धापा टाकतोय आणि सरकारी दवाखान्यातला डॉक्टर त्याला विचारतोय, "विडी ओढता का?" ओढत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर टीबीची औषधं. कोणाला आठवतंय की एकोणिसाव्या वर्षी तो डोंबिवलीत एका गच्चीवर पत्रे कापत होता?

आणि हे कालपरवा कळलेलं नाही हो! इंग्लंडात रॉचडेलच्या कारखान्यात नेली कर्शॉ नावाची बाई ॲसबेस्टॉसचं सूत कातायची. १९२४ मध्ये गेली, वय ३३. डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसातले कण सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, वैद्यकीय नियतकालिकात छापले. कंपनीने अंत्यसंस्काराचा खर्चही दिला नाही. एकदा जबाबदारी मान्य केली की मागून येणाऱ्यांची रांग लागेल ना. शंभर वर्षं झाली! पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने पांढरा, निळा, तपकिरी सगळा ॲसबेस्टॉस पहिल्या यादीत टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर करणारा, शंका नाही. 'आपला पांढरा असतो, तो चालतो' म्हणणारे काका आमच्याही सोसायटीत आहेत. काकांचा अभ्यास व्हॉट्सॲपवरचा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये सांगून झालंय. ॲसबेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगाराची आरोग्य-नोंद तो कामाला लागल्यापासून ४० वर्षं ठेवायची, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर संपेल ते. ज्याला आजार निघेल त्याला एक लाख रुपये. चाळीस वर्षं का, हे न्यायाधीशांना कळलं होतं. आता तुमच्या कंत्राटदाराकडे जा आणि मंगळवारी गच्चीवर कोण कोण होतं ते विचारा. चाळीस वर्षं राहू द्या, त्याला शनिवारी पगार वाटताना नावं आठवत नाहीत. "ए टोपीवाल्या" म्हणून हाक मारतो.

देशप्रेमी वाचकांसाठी खास सूचना. आपल्याकडे ॲसबेस्टॉस खाणीतून काढणं बंद केलंय, घातक म्हणून. बाहेरून आणणं मात्र चालू आहे, दरवर्षी लाखो टन, त्यात मोठा वाटा रशियाचा. दुसऱ्याच्या खाणीतून आला की तो पवित्र होत असावा. युरोपने २००५ पासून सगळ्यावर बंदी घातली. कॅनडा घरात वापर आवळत होता आणि पोती आपल्याकडे पाठवत होता; २०११ मध्ये त्यांच्या शेवटच्या खाणींचं काम थांबलं, २०१८ मध्ये बंदी आली. क्वेबेकमध्ये ॲसबेस्टॉस नावाचंच एक गाव होतं. त्या गावाने २०२० मध्ये मतदान घेऊन नाव बदललं, नावसुद्धा नको म्हणून. आणि आम्ही? २००५ संपता संपता फ्रान्सची 'क्लेमांसो' नावाची विमानवाहू नौका तोडायला गुजरातेतल्या अलंगकडे निघाली, तिच्यात ॲसबेस्टॉस आहे म्हणून रान उठलं, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००६ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी ती परत बोलावली. बरोबरच केलं. फक्त बोटीतून आलेला नको आणि गोणीतून आलेला चालतो, एवढं कोणीतरी मला समजावून सांगा. घातक रसायनांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम करारात या पांढऱ्या ॲसबेस्टॉसला घातक मालाच्या यादीत घालायचं २००६ पासून घाटतंय. बंदी नव्हे हं! विकणाऱ्याने घेणाऱ्याला आधी 'बाबा रे, हे घातक आहे, घेतोस का?' एवढं विचारायचं. तेवढंही होत नाही, कारण सगळ्यांची संमती लागते आणि दरवेळी कोणीतरी आडवं पडतं. आडवं पडणाऱ्यांत आपणही बसून आलोय.

बाळाच्या पावडरीचं लिहिणार होते. ती ज्या टाल्क नावाच्या मऊ दगडाची करतात, त्याच्या खाणीत ॲसबेस्टॉस शेजारीच सापडतो, म्हणून ती भानगड. पण आता लिहवत नाही.

कारण त्या मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात तो पोरगा. अठरा-एकोणीसचा असेल. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, तोंडावरचा रुमाल खाली ओढलेला आणि नाकाखाली तेवढी ओली काळी रेघ. "काकू, पाणी देता का?" दोन तांबे प्यायला. पेल्यावर त्याच्या पाच बोटांचे पांढरे ठसे राहिले. मी म्हटलं, तोंडाला नीट काहीतरी लाव रे. तो म्हणाला, "सिमेंटच हाय ना काकू."

सेक्रेटरीसाहेब, ऐका आता. थट्टा गेली खड्ड्यात. तुम्ही बँकेतून रिटायर झालेला माणूस, ठेवीच्या व्याजातला पावणा टक्का तुम्हाला कळतो आणि हे कळत नाही? कळतं! मी तुम्हाला बघितलं ना, काम चालू असताना तुम्ही तुमच्या घराच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. स्वतःच्या नातवाला खाली खेळायला सोडलं नाहीत त्या दिवशी. आणि वर मला सांगता झटकून टाका? रंगीत लोखंडी पत्र्याचं कोटेशन आलं होतं, मी मीटिंगला होते, फ्लॅटमागे काही शे रुपयांचा फरक होता. तेवढ्यासाठी पुन्हा तोच माल आणलात. ज्यांनी हात वर केले त्यांनाही सांगते, लाज वाटू द्या थोडी. लिफ्टमध्ये आरसा बसवायला तुम्ही याच्या दुप्पट काढलेत. आणि कंत्राटदार, तुम्ही त्या पोराच्या आईला काय सांगून आणलंत त्याला?

सोमवारी सी विंगचं काम आहे. जुने पत्रे आधी भिजवायचे, नट सोडवून अख्खे उतरवायचे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे आणि प्लॉटवर एक तुकडा टाकायचा नाही. बागेचा फवारणी पंप मी भरून गच्चीच्या दारात ठेवलाय. हातकरवत आणलीय. चांगले मास्क चार आणलेत, औषधाच्या दुकानातले निळे नाहीत. बिल सोसायटीच्या नावाने आहे. ग्राइंडर वर चढला तर मी मेन स्विचपाशी बसलेली असेन, खुर्ची घेऊन.