फिल्टर नवाच आहे

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात घर तापवणाऱ्या आमच्या फर्नेसच्या अंगात आलं. एरवी बेसमेंटमध्ये दहा-पंधरा मिनिटं घूं करून गप्प बसणारी ही बाई एका सकाळी घुमायला लागली, ती रात्री अंथरुणं घातली तरी घुमतच होती. पहाटे उठून जमिनीच्या जाळीला कान लावला. घुमतच होती.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. बाहेर उणे २० सेल्सियस. एवढ्या थंडीत फर्नेस जरा जास्त चालणारच, असं म्हणून मी पहिला दिवस रेटला. पण अखंड चालूनही घर काही तापेना. थर्मोस्टॅटवर मागणी ६८ फॅरनहाइटची, आणि घर ६२वर बसकण मारलेलं. ६८ म्हणजे आपले २० सेल्सियस, हे साताऱ्याहून आलेल्या आईला मी तीनदा समजावलं. तिचं एकच, "अडुसष्ट डिग्रीत माणूस शिजतो रे. हे मशीन खोटं बोलतंय."

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. म्हणजे पदवी ती आहे. पोटासाठी वीस वर्षं कोड लिहितोय. थर्मोडायनॅमिक्सला मला ४१ मार्क होते, हे बायकोला अजून माहीत नाही. त्यामुळे "माणूस बोलवू या का?" असं तिनं विचारल्यावर मी जे हसलो, ते मला पुढचे नऊ दिवस पुरलं.

टोरांटोच्या मेहुण्याला सहज फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "फिल्टर बदललास का?"

"नवाच आहे!" मी म्हणालो.

मंडळाच्या हळदीकुंकवाच्या तयारीला गेलो तर तिथे चार जणांनी तेच विचारलं. समोरच्या घरातल्या तेलुगू काकांनी बर्फ उपसता उपसता तेच विचारलं. लोकांना दुसरं काही सुचतच नाही. वास्तविक फर्नेसमध्ये जाणारी हवा गाळणारा हा फिल्टर, या विषयात माझ्याइतकी काळजी कुणी घेतली नसेल. आई येणार, तिला धुळीचा खोकला, शिवाय फोडणीचा वास घरभर, म्हणून मी मुद्दाम भारीतले, मर्व्ह १३ वाले, म्हणजे बारीक धूळही अडवणारे, सहा फिल्टर मागवले होते. १६ बाय २५ बाय १ इंच, मापात. हवेच्या दिशेचा बाण फर्नेसकडे. बसवल्याची तारीखसुद्धा मार्करनं ठळक लिहिली होती. तो नवाच होता. कोरा करकरीत.

मग मी मुळापासून सुरुवात केली. थर्मोस्टॅटवर पंख्याचं बटण 'ऑन'वर राहिलं, तर आग विझली तरी वारा चालूच राहतो. आमचं 'ऑटो'वर होतं. म्हटलं, आता भिंतीतच हात घालायचा. खालचा ब्रेकर पाडून थर्मोस्टॅट उचकटला. आत पाच रंगांच्या तारा. लाल तारेत चोवीस व्होल्ट येतात, ते पांढरीला जोडले की फर्नेस पेटते. एवढंच. म्हणजे शोभेचं झाकण लावलेलं एक बटण! या बटणाचा मूळपुरुष आमच्या घरापासून दोनेक तासांवरचा. विस्कॉन्सिनातल्या व्हाइटवॉटरच्या कॉलेजात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. तापमान बघायला शिपाई सारखा वर्गात डोकावायचा, त्यानं वैतागून त्यांनी वर्गात थंडी वाढली की तळघरातल्या शिपायाला घंटा वाजेल अशी सोय केली, आणि १८८३ साली तिचं पेटंट घेतलं. आता घंटा गेली, तारा राहिल्या. आमच्याकडे शिपाईही राहिला होता. तो मी.

तर ब्रेकर चढवला आणि पाहिलं. थर्मोस्टॅट नसला की फर्नेस शांत. निष्कर्ष उघड होता, थर्मोस्टॅट बिघडलाय. नवा आणला, फोनवर चालणारा. तो बसवल्यावर फर्नेस तशीच घुमत राहिली. फरक इतकाच, की घर ६२वर अडकल्याचं आता मला ऑफिसातही कळू लागलं.

पुढचा टप्पा दिव्याचा. फर्नेसच्या खालच्या दारात एक बोटभर काच असते, तिच्यामागे एक इवलासा दिवा लुकलुकत दुखणं सांगतो. किती वेळा लुकलुकला म्हणजे काय, याचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. तक्ता वाचायला दार काढावं लागतं. दार काढलं की सुरक्षेचं बटण सुटून वीज जाते आणि दिवा विझतो. ही रचना ज्यानं केली तो नक्की आमच्या सरकारी कचेरीत काम करून गेलेला असणार. आम्ही दार काढून तक्त्याचा फोटो घेतला, दार लावलं, आणि मी जमिनीवर पालथा पडून मोजू लागलो. मागे बायको टाळ्या देत होती. एक, दोन, तीन, चार, विसावा. चार म्हणजे 'लिमिट स्विच उघडा'.

इथे मला खरोखर आनंद झाला, कारण हे कळण्यासारखं होतं. फर्नेसच्या पोटात उष्णता फार साठली की लिमिट स्विच गॅस बंद करतो आणि पंखा चालूच ठेवतो, पोट थंड व्हावं म्हणून. थंड झालं की पुन्हा आग, पुन्हा अति, पुन्हा बंद. म्हणजे बाई दिवसभर राबत होती ती निम्मा वेळ स्वतःलाच वारा घालण्यात. घर गार राहणार नाही तर काय!

आता पोटात उष्णता का साठते, हा पुढचा प्रश्न. एकेचाळीस मार्कांनी उत्तर दिलं, लिमिट स्विचच खराब असणार.

जेवताना आईनं विचारलं, "राख काढलीस का तिची?"

"आई, हा बंब नाही. गॅसवर चालते. राख नसते यात."

"नसंल. पण बंबाची जाळी राखेनं बुजली की बंब असाच धुमसायचा. पाणी काही तापायचं नाही."

मी तिला गॅसचं ज्वलन समजावून सांगितलं. ती भाकरीवर लोणी घेत ऐकत होती.

दहाव्या दिवशी बायकोनं मला न विचारता माणूस बोलावला. त्यानं बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या, बेसमेंटमध्ये उतरला. मी त्याला लिमिट स्विचबद्दल जवळजवळ व्याख्यानच दिलं. तो मान हलवत होता. हत्यारांची पेटी त्यानं उघडलीच नाही. मध्येच त्यानं विचारलं, "फिल्टर?"

"नवाच आहे," मी म्हणालो.

त्यानं खाच उघडून फिल्टर ओढला. बिस्किटाचा पुडा दाबल्यासारखा आवाज झाला. फिल्टर त्यानं बल्बकडे धरला आणि तो चकाकला. फिल्टर चकाकत नाही. चकाकतं ते प्लास्टिक. कंपनीनं गुंडाळलेलं, चारी बाजूंनी घट्ट, आणि त्याच्यावर माझ्या अक्षरात, ठळक, तारीख. कडांच्या फटींतून जी काय हवा मिळेल तेवढ्यावर फर्नेसनं इतके दिवस काढले होते.

"बरेच जण करतात," तो सौजन्यानं म्हणाला. मग जरा आठवून, "म्हणजे, करत असतील."

१२९ डॉलर झाले. पावतीवर त्यानं कारण लिहिलं, 'एअरफ्लो रिस्ट्रिक्शन'. मी त्याचा जन्मभर ऋणी राहीन. संध्याकाळी मेहुण्याचा मेसेज आला, काय निघालं? मी ते दोन शब्द जसेच्या तसे पाठवले. त्याचं उत्तर आलं, "म्हणजे फिल्टर."

रात्री फर्नेस बारा मिनिटं चालली आणि टक् करून थांबली. इतकी शांतता झाली, की आम्ही सगळे दचकून स्वयंपाकघरात जमलो. आई सिंकपाशी उभी होती. ते प्लास्टिक तिनं साबणानं धुऊन काढलं होतं, तारखेसकट, आणि आता ओट्यावर पसरून हातानं सारखं करत होती.

"थालीपिठं थापायला बरं आहे," ती म्हणाली. "उरलेल्या पाचांचं पण काढून दे."