मॉड करणाऱ्या पोरांची नावं घ्या

'टीम फोर्ट्रेस २' हा गोळीबाराचा गेम. त्यातल्या पात्रांना 'फ्रायडे नाइट फंकिन' या दुसऱ्या गेममध्ये गायला उभं करणारा 'व्हर्सेस मॅन को' नावाचा मॉड, म्हणजे तयार गेममध्ये फेरफार करून केलेली आवृत्ती, चाहत्यांनी केलाय. मी तो मित्राला दाखवला तर तो म्हणाला, "पात्रं एकाची, गेम दुसऱ्याचा. मग यात या पोरांचं स्वतःचं काय?" प्रश्न रास्त आहे, पण मला तो झोंबला. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. फ्रायडे नाइट फंकिन ऑक्टोबर 2020 मध्ये लडम डेअर या गेम बनवण्याच्या ऑनलाइन स्पर्धेसाठी चार जणांनी मिळून केला. निळ्या केसांचा एक पोरगा, त्याची मैत्रीण, आणि तिचा बाप, जो या पोराला तिच्या आसपास फिरकू देत नाही. भांडण सगळं गाण्यातून. समोरचा एक ओळ गातो, पडद्यावर बाण सरकतात, मग तुम्ही डावा, खाली, वर, उजवा अशा चार कळांवर त्याला तालात उत्तर द्यायचं. ताल चुकला की पडद्यावरची तुमची जीवाची पट्टी घटते, जमला की समोरच्याची. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता यातली एक गोष्ट माझ्या मित्राच्या लक्षात आली नव्हती. मूळ गेमच मुळी उसन्या पात्रांनी भरलेला आहे. तिसऱ्या आठवड्यात (गेमच्या टप्प्यांना 'आठवडे' म्हणतात) समोर येणारा पिको हा न्यूग्राउंड्स या वेबसाइटचा जुना गडी, टॉम फल्पने तो 1999 साली केला. सातव्या आठवड्यातला टँकमन हाही न्यूग्राउंड्सचाच. म्हणजे ज्या साइटवर हा गेम वाढला, तिथल्या जुन्या लोकांना बोलावून गायला लावणं हे त्याच्या स्वभावातच होतं. वर गेमचा सोर्स कोड, म्हणजे तो ज्यावर चालतो ते लिखाण, सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढे 2021 मध्ये मॉडचा जो पूर आला तो त्यामुळेच. त्याच वर्षी पूर्ण गेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर साठ हजार डॉलर मागितले आणि वीस लाखांहून जास्त जमले. ती गर्दी जमवण्यात फुकट मॉड करणाऱ्यांचा वाटा मोठा होता असं माझं ठाम मत आहे.

बरं, पोरांचं स्वतःचं काय, यावर येतो. आवाजापासून सुरू करतो, कारण माझा जीव तिथेच अडकतो.

या गेममध्ये पात्र 'गातं' म्हणजे काय होतं? बहुतेक वेळा कुणी माइकसमोर उभं राहून गात नाही. पात्र ज्या गेममधून आलंय त्याच्या फाइलींमधून त्या पात्राचे संवाद काढायचे. त्यातला एखादा स्वच्छ, लांबलेला स्वर शोधायचा, ज्याच्या मागे धमाका नाही, पावलांचा आवाज नाही. तो तुकडा कापायचा, सुरात आणायचा आणि एकेका अर्ध्या सुराने वर-खाली सरकवत पूर्ण सप्तकं तयार करायची. याला हे लोक 'क्रोमॅटिक' म्हणतात. ही फाइल हाताशी असेल तरच संगीतकाराला त्या पात्राच्या गळ्यातून चाल वाजवता येते.

टीम फोर्ट्रेस २ मधल्या हेवीचं उदाहरण घ्या. रशियन पहिलवान, आवाज खर्जातला. त्याचा स्वर फार वर ओढला की तो खारीसारखा चिरका होतो आणि हेवी हेवी राहत नाही. म्हणून चाल खालच्या पट्टीतच बांधावी लागते, आणि खालच्या पट्टीत भरभर सूर घेतले की ते एकमेकांत चिकटतात, नुसता गडगडाट उरतो. मग जागा सोडायची कुठे आणि ठोके भरायचे कुठे, हे सगळं ठरवत बसावं लागतं. पायरोची गोष्ट तर याहून गमतीची. त्याच्या तोंडावर गॅस मास्क, त्यामुळे मूळ गेममध्ये त्याचा एक शब्दही धड कळत नाही, नुसतं दबलेलं 'म्म्फ'. त्याला गायला लावायचं तर शब्द नाहीत, मोकळा स्वर नाही, आहे फक्त लय. तेवढ्यावर पायरो ओळखू आला पाहिजे. हे जमवणाऱ्याने ते पात्र किती वेळ कान देऊन ऐकलं असेल याचा विचार करा.

गाण्यांच्या नावांतसुद्धा ही जवळीक दिसते. स्काउटच्या गाण्याचं नाव त्याच्या पेयावरून, 'ॲटॉमिक पंच'. इंजिनिअरचं त्याच्या शॉटगनवरून, 'फ्रंटियर जस्टिस'. सोल्जरचं 'मॅगॉट्स', म्हणजे किडे, ही त्याची लाडकी शिवी. वरवर खेळलेल्या माणसाला हे सुचत नाही.

चित्रांचंही तेच. टीम फोर्ट्रेस २ च्या कलाकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अमेरिकन चित्रकार लायनडेकर याच्या शैलीचा आधार घेतला आणि नऊही पात्रांची बाह्यरेषा अशी ठेवली की लांबून, अंधारात, नुसत्या सावलीवरूनही कोण आहे ते कळावं. मॉडमध्ये याच पात्रांना सपाट चित्रात आणायचं आणि चार बाणांसाठी चार पवित्रे, शिवाय गप्प उभं असतानाचं डुलणं, असं सगळं काढायचं. खेळणाऱ्याची नजर बाणांवर असते, पात्र त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातूनच दिसतं. तिथे बाह्यरेषेचं ते जुनं तत्त्व पुन्हा कामाला येतं.

चार्टबद्दल, म्हणजे कुठल्या ठोक्याला कुठला बाण येणार या आखणीबद्दल, थोडंच सांगतो, कारण ते खेळूनच कळतं. मिनिटाला 180 ठोक्यांचं गाणं असेल तर सेकंदाला तीन ठोके झाले. प्रत्येकाचे चार भाग केले की सेकंदाला बारा बाण. बोटांना ते झेपलं पाहिजे आणि तरी कानाला ऐकू येतंय तेच हाताला लागलं पाहिजे. अवघड करायचं म्हणून उगाच बाण ओतणारे चार्ट मला अजिबात आवडत नाहीत.

आता रिक मे यांच्याबद्दल. सोल्जरचा आवाज त्यांचा. एप्रिल 2020 मध्ये कोविडने ते गेले. त्यानंतर टीम फोर्ट्रेस २ काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने गेमच्या नकाशांमध्ये सलाम करणाऱ्या सोल्जरचे पुतळे उभे केले, जवळ गेलं की त्यांच्याच आवाजातले संवाद ऐकू यायचे. भर लढाईत दोन्ही बाजूंचे खेळाडू त्या पुतळ्यापाशी थांबून सलाम करत. फ्रायडे नाइट फंकिन आला तो त्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे सोल्जर कुठल्याही मॉडमध्ये गातो तेव्हा ज्या माणसाचा आवाज आपण ऐकतो, त्याने हा गेम कधी पाहिलाच नाही. मला यात गैर वाटत नाही. त्यांनी स्टुडिओत उभं राहून म्हटलेल्या ओळींतून कुणीतरी हाताने तुकडे वेचले, पैसे न घेता वेचले, आणि त्यांच्या सोल्जरचा तोरा त्यात सांभाळला. पण हल्ली त्याच ओळी एआयच्या यंत्राला खाऊ घालून मेलेल्या नटाच्या तोंडी वाटेल ते वाक्य घालायचा प्रकार सुरू झालाय, तो मला साफ नामंजूर आहे. वेचलेल्या तुकड्यात नटाने प्रत्यक्ष घेतलेला श्वास असतो. यंत्राच्या वाक्याला नटाची संमतीही नसते आणि मेहनतही नसते.

आणि 'दुसऱ्याचा गेम' म्हणणाऱ्यांनी टीम फोर्ट्रेसचा जन्म एकदा बघावा. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि त्यांच्या साथीदाराने तो केला, 'क्वेक' या गेमचा मॉड म्हणून. फुकट वाटला. पुढे व्हॉल्व्हने त्यांना नोकरीवर घेतलं आणि 2007 मध्ये टीम फोर्ट्रेस २ आला. काउंटर-स्ट्राइक या गेमची कथाही हीच, तो 'हाफ-लाइफ' या गेमचा मॉड. आज ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तो कधीकाळी कुणाच्या तरी गेमवर केलेला मॉडच होता. फेब्रुवारी 2025 मध्ये व्हॉल्व्हने टीम फोर्ट्रेस २ चा गेम कोडही मॉडवाल्यांसाठी खुला केला, अट एवढीच की त्यावर पैसे कमवायचे नाहीत.

माझा राग दुसरीकडे आहे. आपल्याकडे बरीच मुलं फ्रायडे नाइट फंकिनचे मॉड मोबाइलवर खेळतात. माझ्या भाच्याच्या फोनवर असंच एक ॲप होतं. गाणी मॉडमधली, चित्रं मॉडमधली, प्रत्येक गाण्यानंतर जाहिरात, आणि श्रेयनामावलीचा पत्ता नाही. मूळ मॉडमध्ये संगीतकार, चित्रकार, कोड लिहिणारे, चार्ट करणारे, सगळ्यांची नावं असतात. उचलणाऱ्याने नेमकं तेवढंच पान काढून टाकलं होतं. भाचा मला म्हणाला, "मामा, हे कुणी बनवलंय?" त्या ॲपवरून त्याला ते कळायला काही मार्गच नव्हता. ज्याला चोरी म्हणायचं ती ही. पात्रांवर जीव टाकून महिनोन्महिने फुकट खपणाऱ्या पोरांना चोर म्हणायचं आणि त्यांचं काम विकणाऱ्याला सोडून द्यायचं, हे उफराटं आहे. यातले पुष्कळ जण अजून शाळा-कॉलेजात आहेत. परीक्षा, झोप सांभाळून रात्री बसतात, संघ मोडतात, निम्मे मॉड अर्धवट राहतात. पदरात काय पडतं तर नाव. तेही पुसलं तर मग उरलं काय?

म्हणून एक विनंती. मुलांना हे खेळायचं असेल तर खेळू द्या, पण घरात जुना लॅपटॉप असेल तर मूळ पानावरून मॉड उतरवून द्या. फुकट असतो, मोठं मशीन लागत नाही. काही गाण्यांत शिव्या आहेत, तेव्हा लहान मूल असेल तर आधी स्वतः ऐका. आणि खेळून झालं की श्रेयनामावली उघडून एखादं नाव शोधा, त्याने आणखी काय केलंय ते बघा. भाच्याने परवा तेच केलं. आता तो सोल्जरच्या आवाजाचे तुकडे कापायला शिकतोय, आणि पायरोचं कसं करायचं म्हणून मला छळतोय. कुणाला येत असेल तर सांगा, त्याला जोडून देतो.