सोमवारी डावीकडे, गुरुवारी उजवीकडे

गेल्या दोन वर्षांत मी रात्रीचे तीन जितक्या वेळा वाजलेले पाहिले आहेत, तितक्या वेळा ते एखाद्या पहारेकऱ्यानेही पाहिले नसतील, कारण त्याला निदान अधूनमधून डुलकी लागते. माझे वेळापत्रक ठरलेले होते. छातीच्या मध्यावर एक कढ उठायचा, मानेवरून कानांत आणि कानांतून कपाळात शिरायचा, आणि मी पांघरूण लाथाडून पंखा पूर्ण वेगात सोडायची. दोन-चार मिनिटांत तो कढ ओसरला की घामाने भिजलेला गाऊन गार पडून अंगाला चिकटायचा, मग पंखा कमी आणि पांघरूण पुन्हा गळ्यापर्यंत. हा खेळ रात्रीतून चार-पाच वेळा चालायचा आणि शेजारी आमचे हे मुळीच न हलता घोरत असायचे, ज्याचा मला घामापेक्षा जास्त त्रास होई.

डॉक्टरीणबाईंनी समजावले ते असे, की मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारी एक यंत्रणा असते आणि पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचे हार्मोन कमी झाले की ती फार हळवी होते. एरवी तिने दुर्लक्ष केले असते इतक्या किरकोळ उष्णतेलाही ती आग लागल्यासारखी धावते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावते आणि घामाचे बंब सोडते. घरातही अशी माणसे असतात, त्यामुळे मला हे लगेच पटले.

मग त्यांनी त्वचेवर चिकटवायचा इस्ट्रोजेनचा पॅच सुचवला. पॅच म्हणजे शेवटी ठिगळच, आणि आभाळ फाटले असताना ठिगळ कुठे कुठे लावणार, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत. या प्रश्नाचे उत्तर पॅचसोबतच्या माहितीपत्रकात सविस्तर दिलेले असते, हे मला त्या दिवशी कळले. कमरेच्या खाली, पोटाच्या खालच्या भागावर किंवा नितंबावर लावावा, छातीवर कदापि लावू नये, कपड्याची किनार घासेल तिथे नको, त्वचा स्वच्छ आणि कोरडी असावी, आणि लागोपाठ दोनदा एकाच जागी लावू नये. माझा पॅच चोवीस तासांत ५० मायक्रोग्रॅम औषध सोडतो. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करावेत आणि त्यांतले पन्नास घ्यावेत, एवढ्याशा ऐवजावर माझी झोप, माझा स्वभाव आणि आमचा संसार अवलंबून होता.

त्याआधी अर्थातच मी घाबरून घेतले. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतला एक भाग मधेच थांबवला गेला, कारण दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे आणि हृदयविकाराचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि तेव्हापासून ‘हार्मोन’ हा शब्द बायका दबक्या आवाजातच उच्चारतात. त्या चाचणीत गोळ्या होत्या. पॅचमधले औषध त्वचेतून थेट रक्तात जाते, आधी यकृताच्या दारात हजेरी लावत नाही, आणि त्यामुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळ्यांच्या मानाने कमी राहतो. हे सांगूनही बाईंनी माझा आणि माझ्या घराण्याचा सगळा इतिहास विचारलाच. गर्भाशय जागेवर आहे म्हटल्यावर त्याच्या अस्तराच्या रक्षणासाठी रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉनची गोळीही दिली. तिने गुंगी येते, ही तिची तक्रार म्हणून सांगितली जाते. मला तो तिचा एकमेव सद्गुण वाटला.

पहिला पॅच मी एखादे मंगलकार्य असावे तशी तयारी करून लावायला घेतला. तो पारदर्शक, बोटभर रुंद तुकडा मागच्या कागदावरून अर्धाच सोडवायचा असतो, चिकट बाजूला बोट लागू द्यायचे नसते. मी बोट लागू दिले नाही, म्हणून तो स्वतःलाच चिकटला. नखाने उकलायला गेले तर त्याची पुरचुंडी झाली. दुसरा नीट लागला, तळहाताने दहा सेकंद दाबूनही धरला, पण आंघोळीनंतर सवयीने अंगभर क्रीम चोपडलेले होते हे तेव्हा आठवले नाही. संध्याकाळी तो पॅच माझ्या पायजम्याच्या आतल्या शिवणीला इमानेइतबारे ५० मायक्रोग्रॅमचा डोस देत असलेला सापडला.

खरा घोळ मात्र वारांचा आहे. आठवड्याचे दिवस सात आणि पॅच दोन, त्यामुळे एक तीन दिवस राहतो आणि दुसरा चार. ज्याने हे ठरवले त्याला भर रात्री ‘आज बुधवार संपला की गुरुवार लागला’ हा हिशोब कधी करावा लागला नसणार. सोमवारी डावीकडे, गुरुवारी उजवीकडे, असे मी कॅलेंडरवर ‘डा’ आणि ‘उ’ लिहून ठेवले. यांनी ते महिनाभर मुकाट्याने पाहिले आणि मग एका सकाळी अतिशय सौम्य आवाजात विचारले, “अगं, तू राजकारणात वगैरे जायचं ठरवलं आहेस का?”

गंमत अशी, की ज्या झोपेसाठी पॅच लावला ती आता पॅचच खाऊ लागला. घाम येण्याचे हळूहळू कमी होत होते, त्याला काही आठवडे लागतात हे बाईंनी बजावलेच होते. पण तीन वाजता मी आपली शिस्तीत जागी व्हायची आणि अंधारात हात घालून पॅचचे चार कोपरे मोजायची. तीनच सापडले की दिवा लावायची. कडेला कपड्याचे तंतू जमून काळी चौकट तयार झालेली असायची, आणि पॅच काढला तरी ती चौकट तेल लावून चोळेपर्यंत जागेवरून हलत नसे. एका मैत्रिणीला हे सांगितले तर ती म्हणाली, “माझ्याकडे अशा तीन चौकटी आहेत, फक्त फोटो लावायचे राहिलेत.”

मग सातव्या आठवड्यात, एका बुधवारी रात्री मी झोपले आणि थेट सकाळी साडेसहालाच उठले. गाऊन कोरडा होता. कोपरे मोजले, चार भरले. ही बातमी कोणाला सांगावी म्हणून वळून पाहिले, तर हे उशीला टेकून बसलेले, डोळे तांबारलेले.

“रात्रभर पंख्याचा आवाज एकदाही बदलला नाही,” ते म्हणाले. “मला झोपच लागली नाही.”

मी काही बोलले नाही. गुरुवार होता, उजवी बाजू पुसून कोरडी करायला घेतली.