आठाचे पाच, पाचाचे तीन

काल एका माणसाने आमच्या स्प्रिंटची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कामाच्या दोन आठवड्यांच्या टप्प्याची, क्षमता नुसत्या माउसने वाढवली. माणसं तेवढीच, दिवस तेवढेच, गणपतीच्या रजाही तशाच. तरी 37 पॉइंटचं काम 24 मध्ये बसलं. (पॉइंट म्हणजे काम किती मोठं, याचा टीमने लावलेला अंदाज.) माझं डोकं अजून ठणकतंय.

हिशोब साधा होता. सहा जणांची टीम, दहा कामाचे दिवस, म्हणजे 60 मनुष्यदिवस. चतुर्थीची सुट्टी सगळ्यांना, तिथे 6 गेले. दोघे कोकणात, प्रत्येकी चार दिवस, तिथे 8 गेले. (त्यांची तिकिटं दोन महिन्यांपूर्वीच काढलेली. म्हणजे कोकण रेल्वेला ठाऊक होतं, आमच्या प्लॅनला नव्हतं.) उरले 46. मागच्या तीन स्प्रिंटची सरासरी वेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पुरे झालेले पॉइंट, 32. त्या मानाने 46 दिवसांत साधारण 24 पॉइंट. खरं तर प्रॉडक्शनमधले बग आयत्या वेळी टपकतात, त्यासाठीही चार-पाच पॉइंट मोकळे ठेवायला हवेत, पण एवढी चैन कोण मागणार?

"सर, तेरा जास्त होतायत," मी म्हटलं.

डिलिव्हरी मॅनेजर मीटिंगला 'फक्त ऐकायला' आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जिरा उघड बरं. स्क्रीन माझ्याकडे दे." (जिरा म्हणजे आमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर. त्यातलं एकेक काम म्हणजे 'स्टोरी'.)

दिली.

"ही रिफंडची स्टोरी. आठ कसे?"

"पूर्ण रिफंड, अर्धवट रिफंड, कार्ड, यूपीआय, शिवाय बँकेने नाकारलं तर..."

"पण बटण एकच आहे ना?"

"बटण एकच आहे."

"मग पाच." टकटक. आठाचे पाच झाले.

"सर, आकडा टीमने ठरवलाय."

"मी कुठे बदलतोय? राउंड करतोय." आणखी दोन आठ होते, तेही पाचावर आले. मग दोन पाच दिसले. "हे तर कॉपी-पेस्टच आहे," म्हणत त्यांचे तीन-तीन. माझ्यासमोर एकूण आकडा 37, 34, 31, 28, 26 करत 24 वर येऊन थांबला. "बघ, बसलं की! उगाच निगेटिव्ह बोलता तुम्ही लोक." आमची टेस्टर म्यूटवर होती. कॅमेरा चालू होता, म्हणून तिचे ओठ वाचता आले. ते इथे लिहीत नाही.

काम किती मोठं हे ते करणाऱ्यांनीच ठरवायचं, असं 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे या स्प्रिंट पद्धतीच्या नियमपुस्तिकेत, स्वच्छ लिहिलंय. पण ती पुस्तिका पीडीएफ आहे, आणि पीडीएफ साहेब उघडत नाहीत.

आता पुढचं नाटक पाठ आहे. सगळ्या स्टोऱ्या एकदम सुरू होतील, कारण सगळ्याच 'प्रायॉरिटी वन'. नवव्या दिवशी सगळ्या मिळून टेस्टिंगच्या रकान्यात येतील आणि एकटी टेस्टर त्याखाली गाडली जाईल. स्प्रिंट बंद करताना जिरा विचारेल, उरलेलं बॅकलॉगमध्ये (बाकी कामांच्या यादीत) टाकू की पुढच्या स्प्रिंटमध्ये? सगळे डोळे मिटून 'पुढच्या' दाबतील. अर्धवट स्टोरीला शून्य पॉइंट, म्हणून या खेपेची वेलॉसिटी आपटेल. पुढच्या खेपेला दोन दिवसांच्या उरलेल्या कामावर पूर्ण पाच पॉइंट पडतील, म्हणून ती उसळेल. मग त्या उसळीचा आलेख क्लायंटला दाखवला जाईल.

करायचं काय असतं, तेही सगळ्यांना माहीत आहे. आधी स्प्रिंट गोल एका वाक्यात लिहायचा आणि त्याला ज्याचा हातभार नाही ते, कामांचा क्रम ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरसमोर, त्याच दिवशी खाली उतरवायचं. शेवटी रिव्ह्यूच्या दिवशी नव्हे. मोठी स्टोरी कापायची, पण उभी: या वेळी फक्त कार्डवरचा पूर्ण रिफंड, अर्धवट रिफंड आणि यूपीआय नंतर. आमच्याकडे ती आडवी कापतात, फ्रंटएंड एक, बॅकएंड एक, टेस्टिंग एक. तिन्ही तुकडे वेगवेगळ्या दिवशी संपतात आणि ग्राहकाच्या हातात काहीच पडत नाही. मध्येच तातडीचं काम घुसलं तर तेवढ्याच आकाराचं दुसरं बाहेर काढायचं. आणि उरलेलं काम आपोआप पुढे ढकलायचं नाही. ते बॅकलॉगमध्ये परत जातं, नव्याने रांगेत लागतं, आणि पुढचं प्लॅनिंग करताना उरलंय तेवढंच मोजलं जातं.

हे सगळं मी म्हटलं. त्यावर साहेब, "बेंचवरचे दोघे देतो ना!" म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेले. उशिरा चाललेल्या कामात नवी माणसं घातली की ते आणखी लांबतं, असं फ्रेड ब्रुक्सने 1975 मध्ये लिहून ठेवलंय. त्या दोघांचा व्हीपीएन अॅक्सेस (कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय) येईपर्यंत अनंत चतुर्दशी उजाडेल. तोवर आमचा सीनियर डेव्हलपर कोड सोडून त्यांना फोल्डर समजावत बसणार.

बरं, गाडी ओढली कशी जाते? शनिवार-रविवारी. त्या दोन दिवसांचे तास कुठल्याच हिशोबात धरत नाहीत, पण पॉइंट मात्र वेलॉसिटीत जमा होतात, आणि पुढचं प्लॅनिंग त्याच फुगलेल्या सरासरीवर. मागच्या वेळी अशाच शनिवारी टीमसाठी पिझ्झा मागवला होता. त्याचं बिल साहेबांच्या अप्रूव्हलसाठी अजून पडून आहे. रक्कम जास्त वाटतेय, असा शेरा आहे.