आबांचं उत्पन्न

कोल्हापुरात गरीब असणं एकवेळ जमेल, पण तसं चारचौघांत सांगणं जमत नाही. खिशात दमडी नसलेला गडीसुद्धा रंकाळ्यावर भेळ खाऊन झाली की ‘पैसे मीच देणार’ म्हणून दुसऱ्याचा हात पिरगाळतो. अशा गावात राहून मला आमची ऐपत नाही हे सरकारला लेखी पटवून द्यायचं होतं.

पोराला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तोही केंद्रीय प्रवेश फेरीतून. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, म्हणजे निम्मं शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून मिळणार. (शेजारच्या मुलीला पूर्ण माफ. २०२४ पासून मुलींना तशी सवलत आहे, आणि तिचे वडील ती मला दर दोन दिवसांनी नव्यानं सांगतात.) योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोरगं शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. कॉलेजच्या फीचा आकडा बघून मला वाटलं, दंड भरणारे सुखात होते.

रेशन कार्ड, अधिवासाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं हे सगळं रडतखडत जमलं. फोटो २५६ केबीच्या आत बसवताना पोराचे कान गेले, तेही चालवून घेतलं. अडलं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. सातबारा आबांच्या नावावर, त्यामुळं तलाठ्यांकडं आबांना न्यावं लागलं. निघताना बजावलं होतं, “आबा, विचारतील तेवढंच बोला.” आबांनी उत्तरादाखल ठेवणीतला फेटा काढला.

“ऊस किती निघतो?” तलाठ्यांनी विचारलं.

“निघतो किती म्हंजे? बघत ऱ्हावा असा निघतो!”

“आबा, पुरात गेला नव्हता का आपला?” मी आठवण दिली.

“पूर? २०१९ च्या पुरात आख्खी पंचगंगा उरावर घिऊन हुबा होता आमचा ऊस!”

खरं तर तो उभ्याउभ्या कुजला होता. पण आबा आता म्हशींवर आले होते. आमच्याकडं म्हैस आहे एक. ती धार काढताना दोन आणि पाहुण्यांसमोर चार होते; सरकारपुढं ती सहा झाली. तलाठी बिचारे सज्जन. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाले, “दाखला गरिबीचा काढायचाय की सत्काराचा?” शेवटी कारखान्याची बिलं आणि माझी पगाराची पावती पुढं केली, तेव्हा कुठं कागदावर खरा आकडा उमटला. तो वाचून आबा बाहेर आले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या रागाला आणखी एक कारण होतं. त्याच दिवसांत धाकट्या भावाचं लग्न जमवायचं चाललं होतं आणि त्याचा बायोडाटा आबांनी स्वतः सांगून टाइप करून घेतला होता. बागायत शेती, दुमजली घर, दारात चारचाकी. (चारचाकी दारात असते खरी. ती शेजाऱ्यांची आहे.) एकत्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न : १८ लाख.

ऑनलाइन अर्ज गेला, तरी कागदांचा एक संच कॉलेजात द्यावा लागतो. शिष्यवृत्तीच्या टेबलावरचे क्लार्क एकेक कागद उलटत होते. दाखला झाला, मार्कशीट झालं, दोनच अपत्यं असल्याचं हमीपत्र झालं. मग त्यांचा हात थांबला. घरी ‘सगळे महत्त्वाचे कागद एकाजागी असावेत’ म्हणून आबांनी बायोडाटा त्याच फायलीत लावून ठेवला होता.

क्लार्कनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. १८ लाखांवर बोट ठेवलं, दाखला शेजारी घेतला, दोन्हींवरची आडनावं ताडून पाहिली. मला दरदरून घाम फुटला. फाईल मिटवून त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

“आमच्या मेहुण्याची पोरगी हाय लग्नाची. पाहुण्यास्नी कुठला आकडा सांगू?”