नुसता कपडा आहे म्हणे

मोबाइल-व्हिडिओ गेममध्ये विकत मिळणाऱ्या स्किनवर (म्हणजे पात्राचा पोशाख, बंदुकीचा रंग वगैरे) एक लेख वाचला. त्यात म्हटलंय की स्किनने गेम जिंकता येत नाही, नुसता दिखावा, मग लूट कसली? अहो पण शाळेच्या वयात दिखावाच तर सगळं असतं ना! फोर्टनाइट या ऑनलाइन गेममध्ये फुकटची स्किन घालणाऱ्या पोराला 'डिफॉल्ट' म्हणून चिडवतात, ती शिवीच झालीये. त्यात कित्येक वर्षं स्किन १२०० व्ही-बक्सची (खरे पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन) आणि छोटा पॅक १००० चा असायचा, म्हणजे पुढचा मोठा पॅक घ्या नाहीतर छोटाच दोनदा घ्या, उरलेले बक्स पडून राहायचे आणि खुणावत राहायचे. रुपये-डॉलरमध्ये सरळ किंमत लिहायला काय होतं यांना?

आमच्या भाच्याने (गेमचं नाव नाही लिहीत) ताईच्या फोनवरून बंदुकीच्या रंगासाठी ३ आठवड्यांत ४२०० रुपये घालवले, तिला वाटलं रिचार्जचे मेसेज येतायत. विचारलं तर म्हणतो मामा, ऑफरचा टायमर चालू होता, संपला असता ना! आता चूक ताईची पण आहे, पिन पोराला पाठ होता, ते मान्य.

पण सगळं आईबापांवर ढकलू नका. अमेरिकेत एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिक कंपनीला २४.५ कोटी डॉलर परत करायला लावले, कारण बटणांची रचनाच अशी की स्लीप मोडमधून गेम उठवताना किंवा नुसती वस्तू बघताना खरेदी होऊन जायची आणि बँकेकडे तक्रार केली की अकाउंटच लॉक! याला पण हौसच म्हणायचं का? मी स्वतः स्किन घेतो बरं का, पण पगार झाल्यावर, माझ्या पैशाने.