किड्स प्लेटचे पैसे घेता, मग हिशोब द्या!

आज गाडीच्या रजिस्ट्रेशनचं पाकीट आलं आणि डोकं सणकलं. आमच्या गाडीला कॅलिफोर्नियाची 'किड्स' नंबर प्लेट आहे. लेकीच्या नावाची अक्षरं आणि मधे छोटंसं हृदय. या प्लेटवर चालणारी बाकीची चिन्हं, म्हणजे हात, तारा, अधिकचं चिन्ह, सगळं बाजूला सारून तिनेच ते हृदय निवडलं. त्यापायी दरवर्षी 80 डॉलरच्या वर जादा भरतो. भरायला ना नाही! पाळणाघरांची तपासणी, मुलांचे अपघात टाळणं, मुलांवरचे अत्याचार रोखणं यासाठी पैसा जातो म्हणून तर घेतली. पण बिलावर काय? नुसती रक्कम. गेल्या वर्षीच्या पैशांचं काय केलंत, याबद्दल एक अक्षर नाही.

गाड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्याला फोन केला. 40 मिनिटं ताटकळल्यावर उत्तर मिळालं, "आम्ही फक्त फी घेतो, फंड दुसरं खातं बघतं." दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवलं. तिसरीकडे कुणी फोनच उचलत नाही.

उगाच संशय घेतोय असं कुणी म्हणू नका. 2013 साली खुद्द राज्याच्या लेखापरीक्षकांनी अशा प्लेटांचे फंड तपासले. काही खर्च नियमात न बसणारे, काहींना कागदाचा आधारच नाही, आणि हक्काची काही वसुली राज्याने सोडूनच दिलेली!

9/11च्या स्मृती-प्लेटचं तर आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. 2002 साली ती मंजूर झाली. हल्ल्यात जीव गमावलेल्या कॅलिफोर्नियाच्या लोकांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळेल, म्हणून लोकांनी पदरचे पैसे मोजले. दहा वर्षांत दीड कोटी डॉलर जमले. मुलांच्या हाती त्यातले चिमूटभर. बहुतेक पैसा दहशतवादविरोधी कामांकडे गेला, आणि वर बजेटचा खड्डा बुजवायला सरकारने त्यातूनच 30 लाख डॉलर उचलले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच!

याच राज्यात एकेकाळी पाळणाघराची तपासणी 5 वर्षांतून एकदा झाली तरी कायद्याला चालत होतं. तेवढ्यात लंगोटातलं बाळ शाळेत जायला लागतं!

पाकिटात एक कागद घाला. किती जमा झाले, किती पाळणाघरं तपासली, किती पैसे कुठे गेले. मुलांच्या नावावर एवढे पैसे घेता, एक कागद छापायला त्यातले किती लागणार आहेत?